आधी दिवे ठरवा, मग रंग

दुपारी शांत दिसणारी पारवा भिंत दिवे लागल्यावर हिरवट आणि मळकट दिसू लागली, की दोष रंगाच्या डब्याला नाहीतर रंगाऱ्याच्या हाताला दिला जातो. बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. भिंत तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशातला काही भाग शोषून घेते, उरलेला परत फेकते आणि तो उरलेला भाग आपल्याला रंग म्हणून दिसतो. दिव्याच्या उजेडात तांबडा भाग मुळातच कमी असेल, तर डाळिंबी भिंत तो आणणार कुठून? म्हणून खोलीत कोणते दिवे राहणार हे आधी पक्कं करायचं, ते लावायचे आणि मगच शेडकार्ड उघडायचं.

बल्बच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, उबदार उजेड. ४००० म्हणजे मधला. ६५०० म्हणजे निळसर पांढरा. २७०० च्या उजेडात अबोली, गेरू, विटकरी, मोतिया हे रंग खुलतात. निळे आणि जांभळे मात्र मरगळतात. आकाशी रंग राखाडी होतो आणि किंचित हिरव्याकडे झुकतो, फिक्या जांभळ्यातला जांभळेपणा उडून राखाडी-गुलाबी उरतो. क्रीममध्ये आधीच पिवळा जास्त असेल तर ती भिंत रात्री सरळ पिवळी दिसते. ६५०० च्या उजेडात उलट घडतं: निळे, हिरवे, थंड राखाडी स्वच्छ दिसतात, पण क्रीम आणि बदामी निस्तेज होतात.

डोळा थोड्या वेळात एका उजेडाला सरावतो आणि बराचसा फरक भरून काढतो. एकाच खोलीत एक दिवा २७०० चा आणि दुसरा ६५०० चा असेल तर मात्र डोळ्याला सरावायला जागाच राहत नाही आणि एकच भिंत दोन रंगांत रंगवल्यासारखी दिसते. एका खोलीत एकच केल्विन, हा नियम मी तरी कधी मोडू देणार नाही.

केल्विनवरून उजेडाची झाक कळते, पण त्या उजेडात कोणकोणते रंग किती प्रमाणात आहेत हे कळत नाही. नेहमीच्या पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते, साधारण ४५० नॅनोमीटर तरंगलांबीची, आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड शोषून पिवळा देणाऱ्या पदार्थाचा, थर असतो. दोन्हींचा उजेड मिसळून पांढरा दिसतो. पण त्यात निळा आणि हिरवा यांच्या मधल्या पट्ट्यात, ४८० च्या आसपास, खोलगट भाग राहतो आणि स्वस्त बल्बमध्ये गडद तांबडा फारच कमी असतो. अशा उजेडात रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय, जास्तीत जास्त १००. तो आठ सौम्य रंगांची सरासरी असतो, आणि गडद लाल त्या आठांत नाही. त्यामुळे ८० सीआरआयच्या बल्बमध्ये लालासाठीचा वेगळा आकडा, आर९, शून्याजवळही असू शकतो. अशा उजेडात डाळिंबी भिंत तपकिरी दिसते, लाकडाची दारं मेल्यासारखी दिसतात. भिंतीत लाल, विटकरी किंवा लाकडी छटा असेल तर ९० च्या वरचा सीआरआय घ्या आणि आर९ किमान ५० आहे का ते तांत्रिक माहितीपत्रकात बघा. बऱ्याच बल्बवर तीन आकडी खूण असते: ९२७ म्हणजे ९० च्या वर सीआरआय आणि २७०० केल्विन, ८४० म्हणजे ८० च्या वर आणि ४०००.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. २७०० चा, ९५ सीआरआयचा बल्ब लावला म्हणजे निळी भिंत दिवसासारखी दिसेल, असं नाही. उबदार बल्बचा सीआरआय तेवढ्याच केल्विनच्या आदर्श तापदीप्त (तापलेल्या तारेच्या बल्बसारख्या) दिव्याशी तुलना करून काढतात, आणि त्या दिव्यातही निळा कमीच असतो. निळ्या भिंतीसाठी सीआरआय वाढवण्याबरोबर केल्विनही ३५०० ते ४००० पर्यंत न्यावा लागतो.

सगळ्यात जास्त घात होतो तो राखाडी आणि ऑफ-व्हाइट रंगांचा. दुकानातलं रंग मिसळणारं टिंटिंग मशीन राखाडी बनवताना पांढऱ्या बेसमध्ये नुसता काळा टाकत नाही. त्यात थोडा पिवळा, थोडा लाल, कधी निळा किंवा हिरवाही असतो. दिवसाच्या उजेडात हे सगळे एकमेकांना तोलून धरतात. दिव्याने त्यातला एक दाबला की तोल जातो आणि लपलेली छटा वर येते. बल्बची स्वतःचीही झाक असते. केल्विन सारखा असलेले दोन कंपन्यांचे बल्ब शेजारी लावले तर एक हिरवट आणि एक गुलाबी वाटू शकतो. गडद भिंतीवर ते खपून जातं, फिक्या राखाडीवर नाही. म्हणून एका खोलीतले सगळे बल्ब एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि जमलं तर एकाच वेळी घेतलेले असावेत. दोन बल्ब जास्तीचे आणून ठेवलेले बरे.

उजेड किती, हेही तितकंच मोलाचं. बऱ्याच शेडकार्डांवर एलआरव्ही दिलेला असतो, म्हणजे भिंत किती टक्के प्रकाश परत फेकते तो आकडा. शुभ्र पांढऱ्याचा ८५ च्या आसपास, गडद निळ्याचा १० च्या खाली. १२ चौरस मीटरच्या खोलीत जमिनीवर १५० लक्स (दर चौरस मीटरवर पडणारे लुमेन) हवे असतील तर १८०० लुमेन, म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या उजेडाचं माप, खाली पोहोचायला हवेत. फिक्या भिंती असल्या तरी काही उजेड वाटेत जिरतो, म्हणून दिव्यांचे मिळून ३००० ते ३५०० लुमेन धरा. भिंती गडद केल्या तर हा हिशेब पुन्हा करावा लागतो. तो केला नाही, तर गडद निळी भिंत रात्री नुसती काळी दिसते.

भिंती एकमेकींवरही रंग टाकतात. चारही भिंती अबोली केल्या की उजेड एकीवरून दुसरीवर जाताना दर वेळी आणखी अबोली होतो, आणि छोट्या तुकड्यावर सौम्य वाटलेला रंग खोलीत भडक होतो. अशा वेळी एक पायरी फिकट छटा घ्या. कोव्ह लाइट, म्हणजे छताच्या कडेला लपवलेला वर उजेड टाकणारा दिवा, असेल तर छत पांढरंच ठेवा, कारण खोलीत येणारा सगळा उजेड त्या छतावरूनच येणार आहे. तांबूस लाकडी जमीनही भिंतीच्या खालच्या भागावर तिची झाक सोडते.

भिंतीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर डाऊनलाइट (छतात बसवलेला, खाली उजेड टाकणारा दिवा) बसवला तर उजेड भिंतीला घासत खाली येतो. मग पुट्टीची प्रत्येक लाट, रोलरचा प्रत्येक पट्टा सावली टाकतो आणि एकसारखा लावलेला रंगही डागाळलेला दिसतो. दिवा ६० ते ९० सेंटिमीटर लांब ठेवा, आणि त्या भिंतीला मॅट फिनिश द्या. किंचित चकाकणाऱ्या सॅटिनवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि त्या जागी रंग पांढुरका होतो.

आता चाचणी. साधारण २ फूट बाय २ फूट असे दोन बोर्ड घ्या, प्रायमर लावा, प्रत्यक्षात वापरणार तोच रोलर घेऊन रंगाचे दोन हात द्या आणि एक दिवस वाळू द्या. ओला इमल्शन फिकट दिसतो, वाळल्यावर गडद होतो. दोन्ही बोर्ड खोलीच्या कोपऱ्यात काटकोनात उभे करा, म्हणजे एकमेकांवर पडणारा रंगही कळेल. बोर्ड आडवे ठेवून बघू नका. छतातल्या दिव्याखाली हातात धरलेल्या शेडकार्डावर उजेड सरळ पडतो, भिंतीवर तो तिरका आणि कमी पडतो, म्हणून शेडकार्ड नेहमीच जास्त फिकट आणि ताजं वाटतं. जुन्या भिंतीचा रंगही डोळ्याला फसवतो, तेव्हा बोर्डांमागे मोठा पांढरा कागद लावा. दुपारी दिवे बंद ठेवून, तिन्हीसांजेला दिवे लावून आणि पूर्ण अंधार पडल्यावर, असं तीनदा बघा. दर वेळी दिवे लावल्यावर दहा मिनिटं खोलीत थांबून मग ठरवा. फोनच्या फोटोवरून ठरवू नका, कारण कॅमेरा स्वतःच पांढरा रंग दुरुस्त करतो आणि नेमका हवा तोच फरक पुसून टाकतो.

टच-अपला तर हा सगळा मामला उघडा पडतो. जुन्या रंगाचा तुकडा देऊन दुसऱ्या कंपनीकडून जुळवून आणलेली छटा दिवसा हुबेहूब दिसते आणि रात्री ठिगळासारखी उठते. दोन्हींतली रंगद्रव्यं वेगळी असतात, म्हणून ती एका उजेडात जुळतात आणि दुसऱ्यात फुटतात. डब्यावरचं फॉर्म्युल्याचं लेबल फोटो काढून जपा. तोच बेस, तोच फॉर्म्युला, तेच फिनिश मागा. तरीही ठिगळ दिसलं तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा.

रंग लागून गेला आहे आणि रात्री तो आवडत नाही, अशी वेळ आली तर रोलर उचलण्याआधी त्या खोलीतले सगळे बल्ब एका रात्रीसाठी ९० सीआरआयचे लावून बघा. मळकट क्रीमला ३०००, मरगळलेल्या निळ्याला ४०००. कापडी शेड पिवळ्या असतील तर त्या काढूनही बघा.