डॉक्टर बदलले, गोळ्या त्याच राहिल्या

माझे बेळगावचे मानसोपचारतज्ज्ञ निवृत्त झाले आणि मला पोरकं वाटलं. मला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी फार चढतं, कधी पार खचतं; त्यासाठी बरीच वर्षं लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. खानापूरहून बसनं जायचं, नंबर लावायचा. आत गेलं की ते आधी म्हणायचे, "हात पुढे करा." लिथियमनं बोटं थरथरतात, ते बघायचे. मग "झोप लागते का?" एवढं विचारलं की मी घडाघडा बोलायला लागायचे.

शेवटच्या भेटीत मी रडले. त्यांनी रडू दिलं, मग पत्र लिहायला घेतलं: आजार, चालू डोस, कोणत्या गोळ्या मानवल्या नाहीत, रक्तातल्या लिथियमची शेवटची पातळी. असं पत्र मागून घ्याच. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं आपले कागद मिळण्याचा हक्क आपल्याला आहे, त्यात संकोच कसला? आणि नवे डॉक्टर मिळेपर्यंत गोळ्या थांबवायच्या नाहीत, हे त्यांनी पुन्हा पुन्हा बजावलं. लिथियम एकदम बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका असतो.

नवे डॉक्टर कन्नड बोलणारे. माझं कन्नड बाजारापुरतं. म्हणून वहिनीला सोबत नेलं, तिचं माहेर धारवाडकडचं. माझं मन चढायला लागलं की आधी तिलाच कळतं. पहाटे तीनला उठून मी भांडी घासते, नको त्या साड्या उधारीवर आणते, हे सगळं तिनंच सांगितलं.

कहाणी मात्र पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागली. "पत्रात आहे की सगळं" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्याकडून ऐकल्याशिवाय त्यांनी औषध लिहिलं असतं, तर मलाच भरवसा वाटला नसता. डोस तोच ठेवून त्यांनी रक्तातलं लिथियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच तपासायला लावलं. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं, सकाळची गोळी त्यानंतर घ्यायची. गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन ही दुखण्यावरची गोळी घेता का, हेही विचारलं. त्यानं रक्तातलं लिथियम वाढतं.

नव्यांचं बोलणं तुटक आहे, मनात तुलना होतेच. तरी एक-दोन भेटींत माणूस पारखायचा नाही, असं ठरवलंय. मध्येच त्रास झाला तर असावा म्हणून टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फोनमध्ये ठेवलाय, तो चोवीस तास चालू असतो.

आप्पा गेले त्या वर्षाचं मात्र अजून सांगितलेलं नाही. वहिनीसमोर ते बोलवत नाही. पुढच्या खेपेला तिला थोडा वेळ बाहेर बसवून, मोडक्यातोडक्या कन्नडात का होईना, सांगणार आहे.