ते सगळे वेळेवर एकत्र का आले नाहीत?

रशियन क्रांतीवर काहीही लिहिलं की प्रश्न हाच येतो. ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह, कामेनेव्ह, बुखारिन, लेनिनच्या बोल्शेविक पक्षातली एवढी मातब्बर माणसं. स्टालिनविरुद्ध वेळेवर एकत्र का आली नाहीत? विचारणाऱ्याकडे उत्तर बहुधा तयार असतं: ट्रॉट्स्कीचा अहंकार, झिनोव्हिएव्हचा भित्रेपणा, स्टालिनचं कपट. मी नुसती मान डोलवायची असते. तुम्ही परत विचारलंत म्हणून या वेळी सगळं लिहून टाकतो. एवढ्यानंतरही पटलं नाही तरी चालेल, पण निदान काय म्हणायचंय ते कळू दे.

वेळेवर म्हणजे कधी, हे कुणी सांगत नाही. १९२३ मध्ये? तेव्हा झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह स्टालिनच्याच बाजूला होते. १९२६ मध्ये? तेव्हा तर ट्रॉट्स्की, झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह खरोखरच एकत्र आले आणि दीड वर्षात तिघेही पक्षाबाहेर गेले. म्हणजे एकत्र येणं पुरेसं नव्हतं. का नव्हतं, हे पाहायला १९२१ पासून सुरुवात करावी लागते आणि तिथेच लोकांचा उत्साह संपतो, कारण तिथे माणसांपेक्षा नियम जास्त आहेत.

मार्च १९२१, पक्षाचं दहावं अधिवेशन. क्रोन्श्टाटच्या नाविकांचं बंड चालू असताना भरलेलं. तिथे पक्षांतर्गत गटांवर बंदी घालणारा ठराव झाला. त्यातलं सातवं कलम गुप्त ठेवलं गेलं: केंद्रीय समिती आणि पक्षाची शिस्त पाहणाऱ्या नियंत्रण आयोगाच्या संयुक्त बैठकीत दोन तृतीयांश मतं पडली, तर अधिवेशनाने निवडून दिलेल्या केंद्रीय समितीच्या सदस्यालाही काढता येईल. ठराव लेनिनचा. वर नावं घेतलेल्या चौघांपैकी एकानेही त्याला आडकाठी केली नाही. पक्षातला आणखी एक नेता, राडेक, तेवढा बोलून गेला, की हा नियम उद्या आपल्यावरही उलटू शकतो असं वाटतं. आणि तरीही त्याने पाठिंबाच दिला. त्याच अधिवेशनानंतर क्रेस्तिन्स्की, प्रेओब्राझेन्स्की आणि सेरेब्र्याकोव्ह हे तीन चिटणीस गेले. कामगार संघटनांच्या वादात ते तिघेही ट्रॉट्स्कीच्या बाजूचे होते. एप्रिल १९२२ मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला तेव्हा चिटणीस मंडळाची झाडलोट आधीच झाली होती आणि ती लेनिनच्या संमतीने झाली होती.

आता यंत्रणा. १९२२ च्या पक्षघटनेनुसार प्रांतिक समितीचा चिटणीस क्रांतीपूर्वीपासून पक्षात असलेलाच हवा आणि त्याच्या निवडीला वरून मंजुरी हवी. मंजुरी देणारं ठिकाण म्हणजे केंद्रीय चिटणीस मंडळ आणि त्याच्या हाताखालचा नोंद व नेमणूक विभाग. अकराव्या आणि बाराव्या अधिवेशनांमधल्या (१९२२-२३) एका वर्षात या विभागाने दहा हजारांहून जास्त माणसं इकडून तिकडे हलवली. प्रांतिक चिटणीस प्रांतिक परिषदेची यादी करतो, ती परिषद अधिवेशनाला प्रतिनिधी पाठवते, अधिवेशन केंद्रीय समिती निवडतं, केंद्रीय समिती चिटणीस मंडळ कायम करते आणि चिटणीस मंडळ पुन्हा प्रांतिक चिटणीस ठरवतं. हे रहाटगाडगं एकदा फिरायला लागलं की अधिवेशनात कितीही मोठं भाषण केलंत तरी ऐकणारे आधीच निवडलेले असतात. शिवाय केंद्रीय समिती दर वेळी वाढत गेली: १९२२ मध्ये २७, १९२३ मध्ये ४०, १९२४ मध्ये ५३, १९२५ मध्ये ६३. आलेल्या नव्या माणसांपैकी बरेच प्रांतिक चिटणीस होते. नियंत्रण आयोगही १९२३ मध्ये ५० जणांचा केला गेला. दोन तृतीयांशाचं गणित आता कसं जमेल, हे वेगळं सांगायला नको.

ही गोष्ट तेव्हा कुणाला दिसत नव्हती असं नाही. १९२३ च्या उन्हाळ्यात किस्लोवोद्स्कला सुटीवर असताना झिनोव्हिएव्ह, बुखारिन आणि आणखी काही जण डोंगरातल्या एका गुहेत जमले आणि चिटणीस मंडळाला लगाम कसा घालायचा यावर बोलले. तडजोड अशी निघाली, की झिनोव्हिएव्ह, ट्रॉट्स्की आणि बुखारिन यांना संघटन ब्युरोत घ्यायचं, म्हणजे नेमणुका त्यांच्या डोळ्यांदेखत होतील. झिनोव्हिएव्ह एक-दोन बैठकांना आला. बाकीचे दोघे फिरकलेच नाहीत. कुठल्या गावच्या चिटणिसाला कुठे पाठवायचं या चर्चेत तासन्‌तास बसण्याची त्यांची तयारी नव्हती. स्टालिनची होती.

माणसांचा दोष विचारत असाल, तर मी इथे दाखवेन. भाषणात नाही, भित्रेपणात नाही, या न भरलेल्या खुर्च्यांत.

आणि तरीही सगळा हिशोब १९२५ च्या डिसेंबरशी येऊन थांबतो. चौदावं अधिवेशन, मॉस्को, १८ ते ३१ डिसेंबर. तोवर झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह स्टालिनपासून फुटले होते. वाद शेतकऱ्याचा होता. बुखारिनने त्याच वर्षी एप्रिलमध्ये शेतकऱ्यांना ‘श्रीमंत व्हा’ असं सांगितलं होतं आणि झिनोव्हिएव्हच्या लेनिनग्राडवाल्यांचं म्हणणं, की यातून गावोगावचा कुलाक, म्हणजे श्रीमंत शेतकरी, माजेल. एकाच देशात समाजवाद उभा राहू शकतो का, हाही वाद होता. स्टालिनच्या अहवालानंतर लेनिनग्राडच्या प्रतिनिधींनी झिनोव्हिएव्हसाठी समांतर अहवाल मांडायची परवानगी मागितली आणि ती मिळाली. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया उठल्या आणि म्हणाल्या, बहुमत नेहमी बरोबरच असतं असं नाही. १९०६ च्या स्टॉकहोम अधिवेशनात बोल्शेविकच अल्पमतात होते. २१ तारखेला कामेनेव्ह बोलला. आर्थिक मुद्दे मांडता मांडता तो शेवटाला आला आणि म्हणाला, की पक्षात एक ‘नेता’ घडवण्याला आमचा विरोध आहे, आणि कॉम्रेड स्टालिन बोल्शेविक मुख्यालयाला एकत्र बांधून ठेवण्याचं काम करू शकत नाहीत अशी माझी खात्री झाली आहे.

सभागृह पेटलं. ‘खोटं!’, ‘मूर्खपणा!’ अशा आरोळ्या. लेनिनग्राडचे प्रतिनिधी टाळ्या वाजवतायत, बाकीचं सभागृह उभं राहून स्टालिनचं नाव घेतंय. अधिवेशनाच्या अधिकृत वृत्तांतात हे सगळं आहे. मतदान झालं: स्टालिनच्या बाजूने ५५९, विरोधात ६५.

आता त्या ६५ कडे नीट बघा, कारण सगळं उत्तर तिथे आहे. जवळपास सगळी मतं एकट्या लेनिनग्राडची. बाकीच्या प्रांतांतून जवळपास कुणीच नाही आणि लेनिनग्राडमधून जवळपास कुणी फुटलं नाही. नेवा नदीकाठच्या कारखान्यातला कामगार आणि मॉस्को नदीकाठच्या कारखान्यातला कामगार एकाच महिन्यात इतक्या एकमताने एकमेकांच्या उलट विचार करतो का? करत नाही. लेनिनग्राडची यंत्रणा झिनोव्हिएव्हच्या हातात होती आणि बाकीच्या प्रांतांची स्टालिनच्या. मॉस्को तर कामेनेव्हचं शहर. पण तिथे चिटणीस होता उग्लानोव्ह. त्याला १९२४ मध्ये तिथे आणताना झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह यांचीही संमती होती. तोच उग्लानोव्ह पूर्वी पेत्रोग्राडमध्ये, म्हणजे आताच्या लेनिनग्राडमध्येच, झिनोव्हिएव्हशी भांडून बाहेर पडला होता, आणि मॉस्कोचं शिष्टमंडळ त्याने कामेनेव्हच्या विरोधात उभं केलं. म्हणजे लढाई मतांची नव्हती, याद्यांची होती. आणि विरोधकांची यादीही स्टालिनच्या यादीसारखीच तयार झालेली होती. ‘पक्षांतर्गत लोकशाही’ हा शब्द झिनोव्हिएव्हच्या तोंडून ऐकताना सभागृह का हसलं असेल, हे मला समजतं. त्याचा मला आनंद होत नाही.

ट्रॉट्स्की त्या सभागृहात होता. तो शेवटपर्यंत गप्प बसला. याच मौनावर लोक माझ्याशी सगळ्यात जास्त भांडतात. पण वर्षभरापूर्वी त्याला पक्षातून काढा म्हणून सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता? लेनिनग्राडचाच. त्या वेळी आडवा आला तो स्टालिन. आणि आता याच अधिवेशनात तो सांगत होता, की छाटाछाटीचं धोरण घातक असतं, आज एकाला छाटलं, उद्या दुसऱ्याला, परवा तिसऱ्याला, मग पक्षात उरेल काय? ट्रॉट्स्कीला हा सगळा स्फोट पूर्णपणे अनपेक्षित होता, असं त्याने स्वतःच १९३७ मध्ये मेक्सिकोत, त्याच्यावरचे आरोप तपासणाऱ्या ड्यूई आयोगापुढे सांगितलं. समजा, तो उठून बोलला असता. त्याच्याकडे त्या सभागृहात प्रतिनिधीच नव्हते. जानेवारी १९२४ च्या परिषदेत त्याची बाजू घेणारे आधीच गळाले होते. ६५ चे ७० झाले असते.

खरी लढाई अधिवेशनानंतर झाली आणि ती कुणी विचारत नाही. जानेवारी १९२६ मध्ये स्टालिनच्या बाजूचे मोलोटोव्ह, किरोव्ह, व्होरोशिलोव्ह, कालिनिन आणि आणखी बरेच जण लेनिनग्राडला उतरले. ‘लेनिनग्राडस्काया प्राव्दा’चा संपादक आधीच बदलला होता. पद्धत साधी होती. केंद्राचा माणूस एकेका कारखान्याच्या पक्षशाखेत जायचा, अधिवेशनाचा ठराव वाचून दाखवायचा, शाखेच्या चिटणिसाविरुद्ध मत मागायचा, मिळालं की नवा चिटणीस बसवायचा आणि पुढच्या कारखान्याकडे वळायचा. सगळं सरळ झालं नाही. किरोव्हने आपल्या पक्षसहकारी ओर्जोनिकिद्झेला लिहिलेल्या पत्रात ‘त्रेउगोल्निक’ या रबराच्या कारखान्यातली सभा आहे. २२०० पक्षसदस्यांची शाखा, आणि मारामारीपर्यंत गेलेली झटापट. ऑक्टोबर क्रांतीनंतर अशी सभा आपण पाहिली नव्हती, असं तो लिहितो. इथे प्रत्येक गोष्ट लढून घ्यावी लागते, असंही. काही आठवड्यांत संपलं. डिसेंबरमध्ये एकमुखाने झिनोव्हिएव्हच्या बाजूला असलेलं शहर फेब्रुवारीत तेवढ्याच एकमुखाने त्याच्या विरोधात गेलं आणि किरोव्ह तिथला चिटणीस झाला. त्रेउगोल्निकमध्ये हमरीतुमरीवर आलेल्या कामगारांना काही म्हणायचं होतं हे उघड आहे. ते म्हणणं कुठल्याच यादीत मावत नव्हतं.

त्यानंतरची युती, म्हणजे संयुक्त विरोधी गट, मला लवकर आटपू द्या. गड गेल्यावर झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्ह ट्रॉट्स्कीकडे आले. जुलै १९२६ मध्ये झिनोव्हिएव्हने कबूल केलं, की १९२३ मध्ये यंत्रणेच्या धोक्याबद्दल ट्रॉट्स्कीची बाजू बरोबर होती. लगेच त्याचं पॉलिटब्युरोतलं, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळातलं, पद गेलं, ऑक्टोबरमध्ये ट्रॉट्स्कीचं. १९२७ च्या शेवटी अधिवेशनाआधीच्या मतदानात अधिकृत आकडा होता केंद्रीय समितीच्या बाजूने ७ लाख २४ हजार आणि विरोधात सुमारे ४ हजार. १४ नोव्हेंबरला ट्रॉट्स्की आणि झिनोव्हिएव्ह पक्षाबाहेर, जानेवारीत ट्रॉट्स्की हद्दपार होऊन मध्य आशियातल्या अल्मा-आटाला. कामेनेव्ह आणि झिनोव्हिएव्ह माफी मागून जून १९२८ मध्ये परत आत.

पूर्वी मी इथवर येऊन थांबायचो. नेमणुकांच्या विभागाने सगळं ठरवलं, बस्स. आजही ते चूक म्हणणार नाही. पण त्यात धान्य सुटून जातं, आणि धान्य सोडून या पक्षातली कुठलीच युती कळत नाही. १९२७-२८ च्या हिवाळ्यात सरकारी खरेदी कोसळली, कारण शेतकऱ्याला मिळणारा भाव कमी आणि बाजारात कारखान्याचा माल नाही. जानेवारीत स्टालिन स्वतः सायबेरियात गेला आणि कलम १०७, म्हणजे साठेबाजीचं कलम, लावून धान्य काढायला लावलं. बुखारिन आणि त्याच्या बाजूचे रिकोव्ह आणि तोम्स्की हादरले. ११ जुलै १९२८ ला सोकोल्निकोव्हच्या मध्यस्थीने बुखारिन गुपचूप कामेनेव्हला भेटला. स्टालिनला तो चंगेझ खान म्हणाला. कुणाला घालवायचंय त्याप्रमाणे हा माणूस सिद्धांत बदलतो, असंही म्हणाला. ‘तू आणि मी हिमालय आहोत, बाकीचे क्षुल्लक’ असं स्टालिन आपल्याला म्हणाला होता, तेही त्याने सांगितलं. कामेनेव्हने व्होरोनेझला असलेल्या झिनोव्हिएव्हसाठी हे सगळं टिपून ठेवलं. ते टिपण ट्रॉट्स्कीवाद्यांच्या हाती लागलं, त्यांनी जानेवारी १९२९ मध्ये ते वाटलं आणि पक्षाच्या बैठकीत ते बुखारिनविरुद्धच वापरलं गेलं.

विश्वासघात, म्हणाल. पण याच बुखारिनने सहा-सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाबाहेर काढायला मत दिलं होतं. आणि जमलं असतं तर दोघे धान्याला भाव काय देणार होते? डाव्यांना, म्हणजे ट्रॉट्स्की-झिनोव्हिएव्हच्या गटाला, शेतकऱ्यावर जास्त कर आणि वेगवान उद्योगीकरण हवं होतं, बुखारिनला भाव वाढवून बाजार टिकवायचा होता. स्टालिनने उद्योगीकरणाचा वेग धरल्याबरोबर जुलै १९२९ मध्ये ट्रॉट्स्कीच्या गटातले राडेक, प्रेओब्राझेन्स्की आणि स्मिल्गा शरण आले, कारण त्यांना वाटलं आपलाच कार्यक्रम राबवला जातोय. ही लाट मॉस्कोत थांबली नाही. मानवेंद्रनाथ रॉय त्याच वर्षी कॉमिन्टर्नमधून, म्हणजे कम्युनिस्ट पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेतून, गेले, जर्मन कम्युनिस्ट ब्रँडलरच्या उजव्या विरोधी गटाच्या नियतकालिकांत लिहिल्याबद्दल. आणि जुलै १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले तेव्हा त्यांच्यामागे उभं राहायला इथला अधिकृत कम्युनिस्ट पक्षही नव्हता.

मग एकही वेळ नव्हती का? एक होती असं मला काही दिवस ठामपणे वाटतं. २२ मे १९२४. लेनिनच्या मृत्यूनंतर पक्षनेत्यांपुढे त्याच्या पत्राचं वाचन. स्टालिन फार उद्धट आहे, त्याला सरचिटणीसपदावरून हलवण्याचा विचार करा, असं ४ जानेवारी १९२३ च्या पुरवणीत लेनिनने सांगितलं होतं. वाचलं कामेनेव्हने. झिनोव्हिएव्हने उठून सांगितलं, की लेनिनची भीती खरी ठरलेली नाही. ट्रॉट्स्की काहीच बोलला नाही. पेत्रोग्राडचं नाव बदलून लेनिनग्राड झालेलं शहर तेव्हा झिनोव्हिएव्हकडे होतं, मॉस्कोत अजून कामेनेव्हचा शब्द चालत होता, लाल सेना ट्रॉट्स्कीकडे होती. पण नेमकी तीच सेना झिनोव्हिएव्ह आणि कामेनेव्हला चिटणीस मंडळापेक्षा जास्त भीतिदायक वाटत होती. ठरलं असं, की पत्र छापायचं नाही, अधिवेशनाला आलेल्या शिष्टमंडळांना वेगवेगळं वाचून दाखवायचं. पुढे १९२७ मध्ये स्टालिन म्हणाला, की मी राजीनामा देऊ केला होता आणि ट्रॉट्स्की, कामेनेव्ह, झिनोव्हिएव्हसकट सगळ्यांनी मला पदावर राहायला लावलं.

त्या दिवशी त्यांनी राजीनामा घेतला असता तर त्या खुर्चीत कोण बसलं असतं, आणि त्या माणसाने नेमणुकांचा विभाग बंद केला असता का, की लेनिनग्राडसारखाच चालवला असता? याला माझं उत्तर दर वेळी बदलतं.