तुळशीची कुंडी आणि नव्वद सेंटिमीटर

सिडनीत आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या मागे स्विमिंग पूल आहे, असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अगं बाई, एवढे श्रीमंत कधी झालात?" तसं काही नाही. विमान उतरताना खिडकीतून खाली बघितलं की इथे कौलारू छपरांच्या मधेमधे निळे ठिपकेच ठिपके दिसतात. आमच्या गल्लीतच पाच असतील. उलट हे घर आम्हाला थोडं स्वस्तातच मिळालं, कारण पुलाची निगा राखायची कटकट बऱ्याच जणांना नको असते.

किल्ल्यांबरोबर एजंटने एक कागद दिला होता: पुलाभोवतीचं कुंपण कायद्याप्रमाणे आहे असा दाखला. न्यू साउथ वेल्समध्ये पूल असलेलं घर या दाखल्याशिवाय भाड्याने देता येत नाही. तो तीन वर्षं चालतो. मी तो बघितलाही नाही, फायलीत टाकून दिला. भाडेकरार, वीज, नेट, त्यात हा एक.

मुदत संपत आली तेव्हा तपासनीस आला. साठीचा गृहस्थ, हातात मोजपट्टी. त्याने फाटक आधी पूर्ण उघडून सोडलं, मग अर्धं, मग जेमतेम चार बोटं. प्रत्येक वेळी ते आपोआप मिटून खटका पडायला हवा. चार बोटांवर आमचं फाटक अडलं. बिजागरीची स्प्रिंग सैल झाली होती. ते दुरुस्त होण्यासारखं होतं. पण मग त्याचं लक्ष माझ्या तुळशीकडे गेलं.

तुळस मी कुंपणाला लागून ठेवली होती, कारण ऊन तिथेच भरपूर. कुंडी जड, हिरवी, चाळीसेक सेंटिमीटर उंच. मी म्हटलं, हे आमचं पूजेचं झाड आहे. तो मान हलवून हसला आणि चक्क गुडघ्यांवर बसला, तीन वर्षांचं पोर जिथून बघेल तिथून कुंपणाकडे बघायला. म्हणाला, कुंपण १२० सेंटिमीटरचं आहे, पण या कुंडीवर पाय ठेवला की ते उरतं ऐंशीचं. कुंपणापासून ९० सेंटिमीटरच्या आत चढण्याजोगं काहीही नको: खुर्ची नको, बार्बेक्यू नको, कुंडी नको.

त्यानंतर मी ते नियम पहिल्यांदा नीट वाचले, आणि वाचताना मजा वाटली, कारण प्रत्येक आकड्यामागे कुठलं तरी डांबरट पोर उभं आहे. दोन गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं आत जातं. खालची फटही तेवढीच, कारण सरपटत जाता येतं. खटका जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर, हात पोचू नये म्हणून. फाटक पुलाच्या दिशेने नाही, बाहेरच्या दिशेने उघडायचं, म्हणजे पोराने रेटलं तर ते अधिकच घट्ट बसतं. आणि हे कुंपण नुसतं शेजाऱ्यांसाठी नाही, आपलं घर आणि पूल यांच्या मध्येही हवं. जुन्या पुलांना काही सवलती आहेत, ते सोडा. हे सगळं पक्क्या पुलालाच लागू असेल असं वाटून मी एकदा हवा भरायचा पूल उचलायला गेले होते. त्यातही ३० सेंटिमीटरच्या वर पाणी भरता येत असेल तर कुंपण लागतं. परत ठेवला.

सासरे तेव्हा इथे आले होते. ते सातारा जिल्ह्यातले. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून विहिरीत पोहायला शिकलेले. काकांनी काठावरून ढकललं की झालं शिक्षण. कुंपण बघून म्हणाले, "म्हशीला गोठा बांधतात हे ऐकलंय, पाण्याला पहिल्यांदाच बघतोय. घरात एवढी माणसं असताना कशाला हवंय?"

मलाही मनातून तसंच वाटत होतं.

मग लेकीचा वाढदिवस आला. जानेवारी, अडतीस अंश ऊन, चौदा मोठी माणसं, नऊ पोरं. फाटकातून सारखं ताटं-ग्लास घेऊन जा-ये चाललेली. ते आपोआप मिटायचं आणि दर वेळी हात मोकळा करून उघडावं लागायचं, म्हणून मी बर्फाची पेटी फाटकाला टेकवली. मीच. जेवणं लागली तशी सगळी पोरं पाण्याबाहेर काढली, पुसली, सावलीत बसवली. दंडातले फुगे काढून टाकले. मी भेळेवर शेव घालत होते.

पाण्यात एक पिवळा चेंडू राहिला होता. मित्राची अडीच वर्षांची मुलगी तो आणायला गेली.

आवाज आला नाही. हे मला अजून पटवून घ्यावं लागतं. आपण बुडणारं माणूस बघितलंय ते सिनेमातलं: हात हलवतं, ओरडतं. खरं बुडणारं माणूस ओरडूच शकत नाही, तोंड पाण्यावर येतं ते जेमतेम श्वासापुरतं. हात वर जात नाहीत, ते पाणी खाली दाबत राहतात. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड, त्यामुळे ते तर सरळ तोंडावरच पडतं. सारा प्रकार मिनिटाच्या आत उरकतो. शेजारच्या बाईंची पंधरा वर्षांची मुलगी फाटकापाशी उभी होती. तिने काही न बोलता अंगावरच्या कपड्यांनिशी उडी मारली तेव्हा आम्हाला कळलं.

पोर खोकली, उलटी झाली, रडली. ००० ला फोन केला, अँब्युलन्स आली, रात्रभर हॉस्पिटलात देखरेखीखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती घरी बिस्किट खात होती. ती किती वेळ पाण्याखाली होती, हे चौदांपैकी एकालाही सांगता आलं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, दुसरं कुणीतरी बघतंय. आपल्याकडे माणसं भरपूर असतात आणि त्याचाच आपल्याला भरवसा असतो, पण चौदा माणसांत विभागलेलं लक्ष म्हणजे कुणाचंच नाही. कुंपण घालणाऱ्याने हे आधीच धरून चाललेलं असतं: आईचं लक्ष जाणार, फोन वाजणार, शेव सांडणार.

त्या रात्री सासऱ्यांनी बर्फाची पेटी उचलून गॅरेजात नेऊन ठेवली. काही बोलले नाहीत.

आता आमच्याकडे लाल टोपी आहे. पोरं पाण्यात असली की एकाच्या डोक्यावर ती असते, पंधरा मिनिटं, आणि टोपीवाल्याच्या हातात फोन नाही, ग्लास नाही, गप्पा नाहीत. वेळ झाली की टोपी दुसऱ्याच्या हातात द्यायची, "आता तू" असं तोंडाने म्हणून. (मराठीत टोपी घालणं म्हणजे काय ते माहीत आहे, ते विनोद करून झालेत.) पाचच्या आतलं मूल असेल तर काठावरून बघणंही पुरत नाही. हात लांब केला की हाताला लागेल इतक्या अंतरावर, पाण्यातच उभं राहायचं. इथल्या सार्वजनिक तलावावर जीवरक्षक यासाठी शिट्टी वाजवतात. मी खाल्ली आहे.

लेक पोहण्याच्या वर्गाला जाते. अर्ध्या तासाला पंचवीस डॉलर, आणि पहिले दोन महिने तिला हातपाय मारायला शिकवलंच नाही. शिकवलं ते हे: बाई "ये" म्हणेपर्यंत काठावर बसून राहायचं, पाण्यात पडलं की वळून भिंत पकडायची, मग माकडासारखं हात बदलत बदलत पायऱ्यांपर्यंत यायचं. तिचा पोहण्याचा पोशाख मी निळा घेतला होता, बाईंनी बदलायला लावला. निळ्या पाण्यात निळं मूल दिसत नाही. आता भडक नारिंगी आहे.

हे सगळं लिहायला बसले ते दादामुळे. त्याने मे महिन्यासाठी कर्जतला बंगला घेतलाय दोन दिवस, आणि फोटो पाठवले. हॉलला काचेचं सरकतं दार, दारापासून तीन पावलांवर पूल. कुंपण नाही, साखळीसुद्धा नाही. भाचा चार वर्षांचा. मी विचारलं तर म्हणाला, "काय गं, अगदी ऑस्ट्रेलियाची झालीस. आम्ही अकरा जण आहोत."

अकरा हा आकडा ऐकून मी त्याला अर्धा तास फोनवर धरला. मालकाला विचार, दाराला वर कडी आहे का. नसेल तर लावून घे, शंभर रुपयांचं काम आहे. पोहून झालं की चेंडू, फुगे सगळं बाहेर काढ, कारण मूल खेळण्यासाठी जातं, पाण्यासाठी नाही. दुपारी जेवून सगळे आडवे होतात, तेव्हा टोपी कुणाकडे ते आधी ठरव. आणि मामांच्या शेतावर जाणार असाल तर शेततळ्याच्या जवळपास त्याला एकटा फिरकू देऊ नको. प्लॅस्टिकच्या उतारावर मोठ्या माणसाचाही पाय टिकत नाही. तिथे दोर आणि हवा भरलेली ट्यूब आहे का, ते बघ.

काल रात्री त्याचा मेसेज आला. मालकाने वर कडी लावून दिलीय. आणि शिवाय त्याने स्वतःची एक युक्ती काढलीय: झोपताना दाराला जेवणाच्या दोन खुर्च्या आडव्या लावणार.

मी लिहिलं, खुर्च्या काढ आधी. त्यावर चढून तो कडी काढेल.