आमची वाटचाल: खवट खोबऱ्याचं एक पोतं

बाकी महाराष्ट्र ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणतो, त्याला आम्ही कोल्हापूरकडचे लोक नुसतं चटणी म्हणतो. १९९८च्या उन्हाळ्यात आईने घराच्या पडवीत डंख, म्हणजे मिरची कुटायचं यंत्र, बसवला, तो गल्लीतल्या बायकांची वर्षाची चटणी कुटून द्यायला. ज्या घरची मिरची त्याच घरचा डबा, डब्यावर खडूने नाव. चटणीत काही कमी-जास्त झालं तर मालकीण समोरच उभी असायची, त्यामुळे माल कुठला आणि कुणाचा हा प्रश्नच कधी पडला नाही.

तो पडला आम्ही स्वतःच्या नावाची पाकिटं काढायला लागल्यावर. तिखटपणासाठी गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी मिरची, रंगासाठी ब्याडगी, शिवाय खोबरं, तीळ, धणे, खडा मसाला. पडवीतून शेडमध्ये, शेडमधून औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात गेलो. या सगळ्या वर्षांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही, कष्ट सगळेच करतात. पाकिटावर बॅच नंबर छापणं कायद्याने बंधनकारक असतं, म्हणून आम्हीही छापायचो. पॅकिंगची तारीख उलटी लिहिली की झाला नंबर! त्यावरून पाकीट कधी बंद केलं एवढंच कळायचं, आत काय गेलंय याचा पत्ता नाही.

२०१८च्या दिवाळीच्या तोंडावर पुण्याच्या एका दुकानदाराचा फोन आला, "चटणी खवट लागतेय हो." दुसऱ्या दिवशी साताऱ्याहून तोच निरोप. खोबऱ्याचं एखादं पोतं पावसाळाभर मागे पडून राहिलं असणार, हे मला लगेच कळलं. पण ते कोणत्या घाण्यात गेलं? घाणा म्हणजे एका वेळी कुटायची चटणी; रोजचे तीन घाणे, एकेक ४० किलोचा. वहीत खोबऱ्याची खरेदी होती, पाकिटांची विक्री होती, मधलं काहीच नव्हतं. शेवटी तीन आठवड्यांचा सगळा माल परत मागवला. त्यातला बराचसा चांगला असणार, पण चांगला कुठला हे सांगणार कोण?

आमचं नुकसान तसं किरकोळ. २००५ साली इंग्लंडमध्ये एका सॉसमधल्या मिरची पुडीत सुदान नावाचा रंग सापडला. बुटाच्या पॉलिशमध्ये, मेणात वापरतात तो. तो सॉस पुढे तयार जेवणाच्या पाकिटांत, सूपमध्ये, कशाकशात गेलेला, आणि शेकडो पदार्थ दुकानांतून काढून घ्यावे लागले. मिरचीवाल्याने ही गोष्ट रात्री झोपताना वाचू नये.

हिशेबाला आमच्याकडे टॅली सॉफ्टवेअर होतंच. वस्तूच्या पानावर बॅच ठेवायची सोयही होती, मीच कधी चालू केली नव्हती. ती केली. येणाऱ्या मालाच्या प्रत्येक खेपेला लॉट नंबर, आणि उत्पादनाची नोंद करताना कुठल्या लॉटमधून किती किलो घेतलं तेही. हौसेने मी १४ अक्षरी नंबर बनवला: वस्तू, व्यापारी, तारीख, गाडी, सगळं त्यात. महिनाभर स्क्रीनवर सुंदर चित्र दिसत होतं. जुना लॉट संपला, नवा सुरू झाला, अगदी ओळीने.

मग एकदा सहज गोदामात गेलो. कॉम्प्युटरवर संपलेला धण्यांचा लॉट भिंतीला टेकून आरामात बसला होता. सहा पोती! भाजणीवरच्या मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, "म्होरचं पोतं सोडून मागलं कोण वडत बसणार दादा? आन् त्यो नंबर वाचाय चष्मा कुणाचा घालू?" चूक त्यांची नव्हतीच. नोंद करणारा मुलगा संध्याकाळी ऑफिसात बसून जुन्यात जुना लॉट निवडत होता, कारण सॉफ्टवेअर तोच वर दाखवायचं.

तेव्हापासून नंबर छोटा झाला, 'खो ४७' एवढाच, आणि पोत्याच्या तोंडाला महिन्यागणिक वेगळ्या रंगाची सुतळी. हिरवी संपल्याशिवाय लाल सोडायची नाही. पोतं सोडलं की त्याची चिठ्ठी घाण्याच्या पाटीवर टाचायची, आणि नोंद त्या चिठ्ठीवरूनच. थप्पीही भिंतीपासून सुटी केली, म्हणजे मागून काढता येतं.

तरी खरी गोम वेगळीच निघाली. चटणी चाळली की चाळणीवर भरड उरते. ती टाकत नाही कुणी, पुढच्या घाण्यात घालतात. आईपासून हेच चालत आलेलं. पण लॉटच्या नजरेने बघितलं आणि घाम फुटला. आजच्या घाण्यात कालची भरड, कालच्यात परवाची. विरजण लावावं तसा प्रत्येक घाणा मागच्याला चिकटलेला. एक पाकीट शोधायला जावं तर धागा थेट हंगामाच्या पहिल्या घाण्यापर्यंत जायचा. आता भरडीला स्वतःचा लॉट नंबर आहे, आणि आठवड्याची भरड आठवड्यातच संपवायची. शनिवारी उरेल ती एका मिसळवाल्याला स्वस्तात जाते. चाळण, डंख झाडून पुसून सोमवारी कोरी सुरुवात. काही बिघडलंच तर एका आठवड्याच्या पलीकडे जात नाही.

घटीचंही असंच. ५० किलोचं मिरचीचं पोतं देठ काढून, भाजून ४३-४४ किलो भरतं. पूर्वी वर्षअखेरीला अकाउंटंट एकदम घट टाकून मोकळा व्हायचा. लॉटवार ठेवायला लागल्यावर रिकाम्या पोत्याच्या नावावर सहा-सात किलो शिल्लक दिसू लागली, म्हणून लॉट संपला की तिथल्या तिथे घट लिहायची सवय लावली. वर्षभरात दिसलं की एका व्यापाऱ्याच्या मिरचीची घट दर खेपेला इतरांपेक्षा दोन-तीन किलो जास्त. पोती भरताना पाणी मारलेलं, दुसरं काय! त्याला काही बोललो नाही, फक्त पुढचा सौदा केला नाही. सॉफ्टवेअरचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

आमच्या जिल्ह्याशेजारी, सांगलीजवळच्या हरिपुरात, हळद जमिनीखालच्या पेवांत साठवायची जुनी पद्धत होती. ज्या पेवात जी भरली ती तिथेच बंद राहायची. लॉट म्हणजे तरी दुसरं काय? २००५च्या महापुराने त्या पेवांची वाताहत केली.

आता दर तीन महिन्यांनी एक खेळ करतो. दुकानातून आपलंच एक पाकीट विकत आणायचं आणि खोबऱ्याच्या पोत्यापर्यंत मागे जायचं, मग त्या पोत्यापासून सगळ्या दुकानांपर्यंत पुढे. पहिल्यांदा अख्खा दिवस गेला आणि तरी दोन घाण्यांचा मेळ बसला नाही. गेल्या खेपेला वीस मिनिटं लागली.

तेल मात्र अजून जमलेलं नाही. टाकीत जुनं शिल्लक असतानाच नवं ओततो, त्यामुळे तिथे विरजण चालूच आहे. दुसरी टाकी घ्यायची म्हणजे भट्टीजवळची भिंत पाडावी लागेल, आणि गाळा भाड्याचा. मालकाशी बोलणं चालू आहे.