आर्गॉन कशात मिसळते का

काल रात्री साडेदहाला शाळेच्या ग्रुपवर क्लोरीनने टाकलं, "आर्गॉनला विचारून काय उपयोग, ती कशात मिसळते का" आणि पुढे हसून हसून रडणारी तीन तोंडं. त्याखाली हाहा, हाहा, अंगठा, हाहा. पोटॅशियमनेसुद्धा एक हसरं तोंड टाकलं. मी फोन पालथा घातला आणि आडवी झाले. झोप अर्थातच आली नाही.

आता तसं बघायला गेलं तर काय म्हणाला तो? काहीच नाही. भेटायचं ठरतंय, तारखांचा घोळ चाललाय, मला कुणी वेगळं विचारलं नव्हतं आणि मीही आपणहून काही बोलले नव्हते. चेष्टाच आहे. पण एवढ्या वर्षांत मी काय काय केलं, कुठे कुठे राहिले, किती माणसं जोडली (आणि बरीच तोडलीही, ते जाऊ दे), त्यातलं काही नाही, या लोकांना माझा रोल नंबर आठवतो. 18.

आठवीचा तो तास. बाईंनी हजेरीपट घेतला आणि मूलद्रव्यं वाटत सुटल्या, 1 नंबर हायड्रोजन, 2 हेलियम, असं करत 18 नंबर मी, आर्गॉन, आणि 20 नंबर कॅल्शियम. 21 पासून पुढच्यांना सरसकट हायड्रोजन करून टाकलं, कारण पाण्याला दोन लागतात, अमोनियाला तीन, मिथेनला चार, एका हायड्रोजनवर वर्ग काही भागला नसता. मग बाहेरच्या कवचात जेवढे इलेक्ट्रॉन तेवढे खडूचे तुकडे प्रत्येकाच्या हातावर. सोडियमला एक, मॅग्नेशियमला दोन, क्लोरीनला सात. मला आठ. मला वाटलं मी जिंकलेच की!

"आता संयुगं करा," बाई म्हणाल्या आणि वर्गात जो काय दंगा झाला. सोडियमने आपला एकुलता एक खडू क्लोरीनला दिला, त्याने तो सरळ खिशात घातला, बाई ओरडल्या, अरे खिशात काय घालतोस, बाहेरच्या कवचात ठेव! कार्बनला चार बंध करायचे आणि हात दोनच, म्हणून दोन हायड्रोजनांनी त्याचे हात धरले आणि दोघांनी मागून शर्ट. नायट्रोजन तिघींना ओढत बाकांमधून फिरत होता. मी मूठ घट्ट धरून बाईंपाशी गेले, बाई मी काय करू. बाईंनी मान वर न करताच सांगितलं, "तुझं अष्टक पूर्ण आहे, तुला कुणाची गरज नाही. तू भिंतीपाशी उभी राहा."

हेलियम त्या दिवशी गैरहजर होता. निऑनचं अक्षर सुरेख, तिला फळ्यावर रेणुसूत्रं लिहायला घेतलं. राहिले मी एकटी. तास संपेपर्यंत उभी होते, खिडकीच्या बाजूची भिंत, पाठीला सारखा चुना लागत होता. मुठीतले खडू घामाने ओले होऊन हाताला चिकटले. फळ्यावर निऑनने मूलद्रव्यांपुढे संयुजा, म्हणजे कोण किती बंध करतो ते आकडे, लिहिल्या, माझ्यापुढे शून्य. स्वतःच्या नावापुढेही तिने शून्यच लिहिलं म्हणा, पण खडू हातात असला की शून्य लागत नाही बहुतेक.

तुला कुणाची गरज नाही. काल रात्री हेच वाक्य डोक्यात फिरत होतं. किती जणांनी म्हटलंय हे मला नंतर! वेगवेगळ्या आवाजात, कौतुकाने पण. तू काय बाबा, तुझं तुझं सगळं करतेस. आणि मी दरवेळी हसून हो म्हणते आणि मूठ आणखी आवळते. आईसुद्धा एकदा म्हणाली होती. तेव्हा मी... असो.

रात्री दीड वाजता उठून मी आर्गॉनबद्दल वाचत बसले. हसा. माणसं असल्या वेळी जुने फोटो बघतात, मी मूलद्रव्य बघितलं.

तर 1785 साली कॅव्हेंडिश नावाच्या माणसाने हवेत जादा ऑक्सिजन मिसळून तिच्यात विजेच्या ठिणग्या पाडल्या. पाडतच राहिला, म्हणजे सगळा नायट्रोजन ऑक्सिजनशी जोडला जाईल आणि शोषून काढता येईल. शेवटी एक बुडबुडा उरला. मूळ नायट्रोजनच्या फार तर 120 वा भाग. कितीही ठिणग्या पाडा, तो कशाशी जोडला जाईना. त्याने तसं लिहून ठेवलं आणि विषय संपला. पुढची शंभरेक वर्षं त्या बुडबुड्याकडे कुणी वळून बघितलं नाही. शंभर वर्षं भिंतीपाशी! माझा एक तास होता, त्यावर मी अजून रडतेय.

मग रॅले नावाचा शास्त्रज्ञ. त्याच्या लक्षात आलं की हवेतून काढलेला नायट्रोजन हा रसायनांपासून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा किंचित जड भरतोय, फरक जेमतेम अर्धा टक्का. दुसरा असता तर म्हणाला असता वजनात चूक झाली. याने 1892 मध्ये 'नेचर' साप्ताहिकात पत्रच लिहिलं, की कुणाला याचं कारण सुचत असेल तर सांगा. मला हे फार आवडलं, कुणीतरी अर्ध्या टक्क्यासाठी एवढं अस्वस्थ व्हावं. 1894 मध्ये त्याने आणि रॅम्झी नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने जाहीर केलं की हवेत एक नवाच वायू आहे. नाव ठेवलं आर्गॉन, ग्रीकमध्ये अर्थ आळशी. म्हणजे सापडला सापडला आणि पहिल्या दिवशीच टोमणा. आणि मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हला तो पटेचना, तिच्यात त्याला जागाच नव्हती, तो म्हणे हा नवीन काही नाही, नायट्रोजनचेच तीन अणू एकत्र आलेत. पुढे एक अख्खा नवा गण, म्हणजे सारणीतला उभा स्तंभ, जोडावा लागला तेव्हा कुठे सोय झाली. त्या गणाचा नंबर आता कितवा? 18. म्हणजे माझा पिच्छा सुटणं नाही.

इथवर वाचलं आणि मला हसू यायला लागलं. कारण हवेत हा आळशी जवळजवळ एक टक्का आहे, 0.93. नायट्रोजन, ऑक्सिजन आणि मग थेट तिसरा नंबर. ज्या कार्बन डायऑक्साइडचं जगभर नाव निघतं त्याच्या वीसपटीहून जास्त. पुस्तकातल्या त्या गोल आकृतीत मात्र बारीकशी फट आणि लिहिलेलं काय तर 'इतर'. आपण सगळे दिवसभर तो आत घेतो आणि जसाच्या तसा बाहेर सोडतो. त्या दिवशी वर्गात जेवढी संयुगं बनली त्या सगळ्यांच्या छातीत मी जाऊन येत होते, पत्ता कुणाला? आणि अणू आणि रेणू यातला फरक लिहा या प्रश्नाला आर्गॉन म्हणजे निव्वळ खोडसाळपणा, त्याचा अणू तोच रेणू. शिवाय पुस्तकात निष्क्रिय वायूंना दुसरं नाव आहे, राजवायू. ते बाईंनी सांगितलं नाही! सांगितलं असतं तर मी भिंतीपाशी जरा वेगळी उभी राहिले असते.

आणि एक सापडलं ते मला माहीत नव्हतं. हवेतला जवळजवळ सगळा आर्गॉन पोटॅशियमपासून आलाय. खडकांमध्ये पोटॅशियमचा एक किरणोत्सारी प्रकार असतो, पोटॅशियम-40, तो निम्मा संपायला सव्वाशे कोटी वर्षं लागतात. त्यातला दहातला नऊ भाग कॅल्शियम होतो आणि साधारण एक भाग आर्गॉन. दहातला एक. 19 नंबर, म्हणजे आमची पोटॅशियम, आणि मी एका बाकावर होतो. नववीत ती 20 नंबरशेजारी बसायला लागली. काही भांडण वगैरे नव्हतं, तिचं तिकडे जास्त जमायचं एवढंच. आता हे रसायनशास्त्र त्या वेळी माहीत असतं तर निदान प्रमाण तरी ठाऊक असतं. बाकी तिच्याबद्दल आज नको.

अणुवस्तुमानाने बघितलं तर खरं मी तिच्या नंतर यायला हवं, आर्गॉन 39.95 आणि पोटॅशियम 39.10. पण मोझली नावाच्या शास्त्रज्ञाने 1913 मध्ये दाखवून दिलं की क्रम वजनाने लागत नाही, केंद्रकावरच्या प्रभाराने लागतो. त्यामुळे जड असूनही मी आधी. बाईंचा हजेरीपट बरोबर होता.

अगदीच कुणाशी जमत नाही असंही नाही हं. 2000 साली हेलसिंकीत आर्गॉनचं एक संयुग झालं, हायड्रोजन आणि फ्लोरिन बरोबर घेऊन. फक्त त्यासाठी तापमान शून्याखाली अडीचशे अंशांच्या आसपास ठेवावं लागलं. जरा वर गेलं की मोडलं. माझ्या अटी त्या मानाने बऱ्याच सोप्या आहेत, एक दिवस आधी सांगा आणि फोटो काढू नका.

त्या तासाच्या शेवटी बाईंनी खडू परत गोळा केले होते. क्लोरीनच्या खिशात चुरा, कार्बनचे चारही पायदळी, ऑक्सिजनने दोन हरवलेले. माझे आठच्या आठ, ओले, बोटांचे ठसे उमटलेले. बाईंनी ते घेतले आणि डबीत टाकले. मोजले नाहीत. मी मोजून दिले होते तरी.

आत्ता सकाळी ग्रुप उघडला. तारीख ठरलीये. मी आधी "जमेल तसं बघते" असं टाईप केलं, पुसलं. मग "मी निष्क्रिय नाही, राजवायू आहे" असं लिहिलं, तेही पुसलं, फारच खुलासा दिल्यासारखं वाटत होतं. शेवटी टाकलं, "येतेय. खडू कोण आणतंय?"

वीस मिनिटं झाली. क्लोरीन टायपिंग दिसतंय, थांबतंय, परत दिसतंय.