अटक टळली, पण पुढचे चोवीस तास?

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात नोव्हेंबर 2020 मध्ये मतदारांनी 'मेझर 110' हा प्रस्ताव मंजूर केला. फेब्रुवारी 2021 पासून थोड्या प्रमाणात अमली पदार्थ बाळगणं हा तिथे गुन्हा राहिला नाही. पोलीस हातात 100 डॉलर दंडाची पावती देत. एका हेल्पलाइनला फोन करून आपल्या व्यसनाची प्राथमिक तपासणी करून घेतली, की दंड माफ. बहुतेकांनी दंडही भरला नाही आणि फोनही केला नाही. 1 सप्टेंबर 2024 पासून तिथे पुन्हा गुन्हा नोंदवायला सुरुवात झाली.

या फसलेल्या प्रयोगावरून 'शिक्षेचा धाक हवाच' असा निष्कर्ष अनेकांनी काढला. मला तो उतावळा वाटतो. दिवसभरात तीन-चार वेळा नशेची सोय केल्याशिवाय ज्याचं शरीर चालत नाही, ज्याच्या फोनमध्ये बॅलन्स असेलच असं नाही, त्याला एक नंबर लिहिलेला कागद दिला आणि त्यालाच 'उपचारांशी जोडणं' म्हटलं, तर दुसरं काय होणार? पोलिसाने माणसाला सोडलं ती वेळ आणि उपचार देणारा त्याच्यासमोर येऊन बसला ती वेळ, यांच्यातल्या अंतरावर अटकेऐवजी उपचारांकडे वळवणाऱ्या योजनांचं सारं यश टिकून असतं. हे अंतर तासांत मोजावं लागतं. ते आठवड्यांवर गेलं, की माणूस हातातून निसटतो.

सिएटलमध्ये ऑक्टोबर 2011 मध्ये बेलटाउन भागात सुरू झालेली 'लीड' योजना याच मुद्द्यावर उभी आहे. सुरुवातीच्या नियमांनुसार 3 ग्रॅमपर्यंत अमली पदार्थ सापडलेल्या किंवा देहविक्रयाच्या आरोपात पकडलेल्या माणसाला पोलीस विचारत, 'केस मॅनेजरला भेटायचंय का?' तो हो म्हणाला, की केस मॅनेजरला, म्हणजे उपचार आणि इतर मदत मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्याला, बोलावलं जाई. पहिली प्रत्यक्ष गाठ तेव्हाच पडे. सविस्तर मुलाखत 30 दिवसांत पूर्ण झाली, की त्या आरोपाचा खटला पुढे सरकत नसे. नशा बंद करायची अट नव्हती, लघवीची तपासणी नव्हती. मुलाखत पूर्ण करणं एवढीच अपेक्षा. शिवाय दुसरा दरवाजाही ठेवला होता: रोजच्या गस्तीत ओळखीचा झालेला, पण त्या दिवशी काहीही गुन्हा न केलेला माणूस पोलीस थेट केस मॅनेजरकडे पाठवू शकत. या दुसऱ्या दरवाजाचं महत्त्व फार मोठं आहे, कारण मदत मिळवण्यासाठी आधी पकडलं जाण्याची गरज उरत नाही.

वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मूल्यमापनात या योजनेतल्या लोकांना पुन्हा अटक होण्याचे 'ऑड्स' (होण्याचं न होण्याशी प्रमाण) नेहमीच्या पद्धतीने खटला चाललेल्यांपेक्षा 58 टक्क्यांनी कमी आढळले. तुलना करता यावी म्हणून सुरुवातीला पोलिसांच्या पाळ्याच वाटून दिल्या होत्या: काही पाळ्यांत योजना चालू, काहींत बंद. काटेकोर चिठ्ठ्या टाकून केलेली ही चाचणी नव्हती, तेव्हा आकडा सांगताना तेवढं भान ठेवावं. तरी नुसती 'आमच्या योजनेमुळे एवढे सुधारले' अशी पत्रकं काढणाऱ्यांपेक्षा हे काम कितीतरी प्रामाणिक आहे.

आता त्या चोवीस तासांकडे येऊ, कारण योजना लिहिणारे बहुधा कायद्याची माणसं असतात आणि शरीराचं घड्याळ त्यांच्या मसुद्यात नसतं.

हेरॉइन बंद झालं, की साधारण 8 ते 24 तासांत त्रास (विथड्रॉवल) सुरू होतो: नाक-डोळे गळणं, काटा येणं, पोटात कळा, जुलाब, झोप नाही, पाय स्थिर ठेवता येत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो शिगेला पोहोचतो. शुक्रवारी संध्याकाळी पोलिसाने सोडलेल्या माणसाला सोमवारी सकाळी 10 ची वेळ दिली, तर मधल्या अडीच दिवसांत तो नशा मिळवणारच. तो बेजबाबदार आहे म्हणून तो आला नाही, असा शेरा फाइलवर पडतो. चूक वेळापत्रकाची असते.

म्हणून पहिला डोस कुठे मिळणार हे आधी ठरवावं. हेरॉइनसारख्या व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन हे औषध इथे सर्वांत सोयीचं. अमेरिकेत ते लिहून देण्यासाठी डॉक्टरांना लागणारा खास परवाना डिसेंबर 2022 मध्ये रद्द झाला, त्यामुळे आपत्कालीन विभागातला डॉक्टरही ते सुरू करू शकतो. पण यातही एक खोच आहे. ब्युप्रेनॉर्फिन मेंदूतल्या ओपिऑइडच्या (अफूवर्गीय द्रव्यांच्या) जागांना इतर द्रव्यांपेक्षा घट्ट चिकटतं, आणि त्याचा स्वतःचा परिणाम मात्र अर्धवटच असतो. शरीरात हेरॉइन किंवा फेंटानिल (हेरॉइनहून कितीतरी जहाल कृत्रिम ओपिऑइड) भरलेलं असताना ते दिलं, तर आधीचं द्रव्य एकदम ढकललं जाऊन विथड्रॉवल तासाभरातच उसळतो. हा अनुभव घेतलेला माणूस पुन्हा त्या औषधाला हात लावायला तयार होत नाही, आणि ही बातमी रस्त्यावर वाऱ्यासारखी पसरते. म्हणून विथड्रॉवल किती तीव्र आहे त्याचे गुण 'काउज' (COWS) नावाच्या 11 मुद्द्यांच्या तक्त्यावर मोजतात. साधारण 8 ते 12 च्या पुढे गेल्यावर पहिला डोस, बहुधा 2 ते 4 मिलिग्रॅम, जिभेखाली. गोळी गिळली तर परिणाम जवळजवळ होतच नाही, ती पूर्ण विरघळेपर्यंत बोलायचं नाही, पाणी प्यायचं नाही. फेंटानिल नेहमी घेणाऱ्याच्या चरबीत साठून राहतं आणि सावकाश बाहेर पडतं, त्यामुळे तिथे थांबायचा काळ लांबू शकतो, किंवा अगदी बारीक डोसने सुरुवात करावी लागते. हा निर्णय डॉक्टरचाच. पोलिसाला आणि केस मॅनेजरला एवढंच ठाऊक हवं, की 'शेवटचं कधी आणि काय घेतलं' हा प्रश्न चौकशीचा भाग नाही, उपचाराचा आहे, आणि खरं उत्तर हवं असेल तर तो पोलिसाने विचारू नये.

पत्ता हातात देणं आणि उपचार सुरू करून देणं यात किती फरक पडतो? येल विद्यापीठाच्या 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 329 रुग्णांचे तीन गट होते. आपत्कालीन विभागातच ब्युप्रेनॉर्फिन सुरू केलेल्यांपैकी 78 टक्के लोक 30 दिवसांनी उपचारात होते. थोडं समुपदेशन करून केंद्राशी गाठ घालून दिलेल्यांत 45 टक्के, आणि नुसतं पत्ता-फोन देऊन पाठवलेल्यांत 37 टक्के. पोलीस योजनेचा मसुदा लिहिणाऱ्याने हे तीन आकडे भिंतीवर लावावेत.

सर्व व्यसनांना हेच गणित लागू नाही. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली, तर 6 ते 48 तासांत झटके येऊ शकतात आणि दोन-चार दिवसांत डिलिरियम ट्रेमेन्स, म्हणजे जिवावर बेतणारी भ्रमावस्था. झोपेच्या गोळ्यांपैकी बेंझोडायझेपिनचंही तसंच. हात थरथरताहेत, घाम फुटलाय, पूर्वी झटके आलेत, असा माणूस केस मॅनेजरच्या कचेरीत बसवून ठेवू नये, थेट रुग्णालयात न्यावा. मेथॅम्फेटामिन या उत्तेजक द्रव्यासाठी आजही मान्यताप्राप्त औषध नाही. तिथे ठरावीक तपासण्या स्वच्छ आल्या की छोटं बक्षीस देण्याची पद्धत सर्वांत जास्त उपयोगी ठरलीय. ओपिऑइड डोळ्यांसमोर ठेवून बांधलेल्या योजना इथे अडखळतात.

नुसत्या डिटॉक्सवर समाधान मानणाऱ्या योजनांची मला खरी भीती वाटते. पाच-सात दिवस दाखल केलं, अंगातली नशा निघून गेली, माणूस घरी गेला, कागदावर यश. प्रत्यक्षात या आठवड्यात त्याच्या शरीराची नशा पेलायची सवय उतरलेली असते. जुना, सवयीचा डोस आता त्याला मारू शकतो. वॉशिंग्टन राज्यातल्या तुरुंगांतून सुटलेल्यांच्या 2007 च्या अभ्यासात, सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या 129 पट आढळला. डिटॉक्सनंतर औषध चालू ठेवायची सोय नसेल, तर त्या माणसाला आपण अधिक धोकादायक अवस्थेत रस्त्यावर सोडतोय.

मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टर शहरात पोलिसांनी जून 2015 पासून ठाण्याचंच दार उघडं केलं: आत या, जवळचा माल आणि साहित्य द्या, गुन्हा नोंदवणार नाही, उपचाराची जागा आम्ही शोधू. पहिल्या वर्षात 376 जण 429 वेळा आले, आणि पात्र असलेल्या 94.5 टक्के वेळी त्यांना थेट जागा देऊ करण्यात आली. आकडा थक्क करणारा आहे. पण तो जागा मिळण्याचा आकडा आहे, बरं होण्याचा नाही. आणि त्यामागे दोन गोष्टी होत्या ज्या नक्कल करताना विसरल्या जातात: त्या राज्यात बहुतेकांकडे आरोग्य विमा होता, आणि केंद्रांना एकामागून एक फोन लावत बसणारा वर्दीतला माणूस होता. व्यसनात अडकलेल्या माणसाला 'जागा नाही' असं उत्तर पटकन मिळतं. पोलीस अधिकारी फोनवर असला की तीच जागा बऱ्याचदा निघते.

ओव्हरडोसमधून वाचलेल्याच्या घरी जाणारी पथकं हा आणखी एक प्रकार. ओहायोतल्या कोलरेन टाउनशिपने 2015 मध्ये तो सुरू केला: एक पोलीस, एक पॅरामेडिक, एक समुपदेशक, घटनेनंतर काही दिवसांत दारात. इथे बारीकसारीक गोष्टींवर सगळं बिघडतं. दिव्यांची गाडी दारात उभी राहिली, की शेजारपाजारी कळतं. निघण्यापूर्वी त्या माणसावर वॉरंट आहे का हे तपासायची ठाण्याची सवय असते, आणि मदतीच्या नावाखाली एकाला जरी उचललं, तर पुढच्या ओव्हरडोसला त्या गल्लीतून मदतीचा फोन येणार नाही. साधी गाडी, साधे कपडे, आणि बोलायला समुपदेशक पुढे, पोलीस मागे.

कागदपत्रांत सरकारी वकील पहिल्या दिवसापासून सहीला हवा. मुलाखत मुदतीत झाली नाही तर काय, त्या काळात दुसरा किरकोळ गुन्हा घडला तर काय, आणि केस मॅनेजरला सांगितलेली गोष्ट पुरावा म्हणून वापरली जाणार नाही, हे तिन्ही लेखी हवं. अमेरिकेत व्यसन-उपचारांच्या नोंदींना संघराज्य नियमावलीच्या 42 व्या खंडातल्या भाग 2 चं संरक्षण आहे; रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय केंद्र त्या सहसा देऊ शकत नाही. संमतीपत्रात पोलिसांना नेमकं काय कळेल ते लिहावं: माणूस पोहोचला की नाही, एवढंच. निदान, औषधं, तपासणीचे निकाल यांतलं काही नाही. संमतीला शेवटची तारीखही हवी.

कोणाला निवडायचं हे पूर्णपणे पोलिसाच्या मर्जीवर सोडलं, तर स्वच्छ कपड्यांतला, नम्र बोलणारा माणूस उपचाराला जातो आणि शिव्या देणारा, अंगाला वास येणारा कोठडीत. नेमकं ज्याच्यासाठी योजना आहे तोच बाहेर राहतो. उपाय म्हणजे नाकारलेल्या प्रत्येकाचीही कारणासह नोंद, आणि पंधरवड्यातून एकदा पोलीस, वकील, केस मॅनेजर यांनी एकत्र बसून ती वाचणं. उलट बाजूची चूकही होते: ज्याच्या खिशात माल सापडला तो प्रत्येक जण व्यसनात अडकलेला नसतो. पोर्तुगालमध्ये 2001 पासून 10 दिवसांच्या वापरापर्यंतचा साठा असलेला माणूस 72 तासांच्या आत तीन सदस्यांच्या आयोगापुढे पाठवला जातो, आणि आयोग आधी हेच पाहतं. अवलंबित्व नसलेल्यांना उपचार केंद्रात कोंबलं, की गरजवंताची जागा जाते.

केस मॅनेजरकडे एका वेळी 20-25 माणसांपेक्षा जास्त नकोत, कारण कामाचा मोठा भाग माणूस शोधण्यात जातो. फोन हरवतात, चोरीला जातात. म्हणून पहिल्या भेटीत नंबराबरोबर रात्री कुठे झोपतो, दुपारी कुठे असतो, निरोप कोणाकडे ठेवायचा, हे विचारून घ्यावं. ओळखपत्र नसल्याने औषध दुकानदार परत पाठवतो, कुत्रा सोबत असल्याने निवारा घेत नाही, सामानाची पिशवी ठेवायला जागा नाही म्हणून माणूस दाखल व्हायला नकार देतो. या कारणांसाठी थोडा खर्च लगेच करता येईल असे खुले पैसे केस मॅनेजरच्या हाती हवेत; तीन सह्यांची मंजुरी येईपर्यंत माणूस गेलेला असतो. ठरलेल्या वेळी तो आला नाही, तर त्याच दिवशी शोधायला निघावं, आणि तिसऱ्यांदा आला नाही म्हणून फाइल बंद करू नये.

बरेच जण पहिल्या वेळी नाहीच म्हणतात. त्यांच्याही हातात नॅलोक्सोन या ओपिऑइडचा ओव्हरडोस उलटवणाऱ्या औषधाच्या नाकातल्या फवाऱ्याची पेटी द्यावी. 4 मिलिग्रॅमचे दोन फवारे असतात. एक एका नाकपुडीत, 2-3 मिनिटांत श्वास सुधारला नाही तर दुसरा दुसऱ्या नाकपुडीत, आणि रुग्णवाहिका बोलवायचीच, कारण औषधाचा परिणाम 30 ते 90 मिनिटांत ओसरतो आणि अंगातलं फेंटानिल तोवर संपलेलं नसतं. स्वतःला तो फवारा देता येत नाही, तेव्हा जो सोबत राहतो त्यालाही तो कसा वापरायचा ते तिथेच दाखवावं, आणि पुढच्या आठवड्यात कोणत्या दिवशी आपण त्या कोपऱ्यावर असू ते सांगून ठेवावं.