पॅरिसची ऐट कुठे शिवली जाते

पॅरिसला निघण्याआधी फ्रेंच फॅशनबद्दलचे जेवढे व्हिडिओ पाहिले, त्या सगळ्यांत एकच बाई निरनिराळ्या चेहऱ्यांनी वावरत होती. डोक्यावर तिरकी बेरे टोपी, अंगात आडव्या पट्ट्यांचा टी-शर्ट, लाल लिपस्टिक आणि काखेत लांबुडका पाव. ही बाई मला पॅरिसमध्ये दिसली ती पालै रोयाल या जुन्या राजवाड्याच्या अंगणात. तिथे दानिएल ब्यूरेन या कलाकाराचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे 260 खांब आहेत, 1986 सालचे, आणि त्यांवर चढून फोटो काढायला माणसं पाळीची वाट बघत उभी असतात. बेरे घातलेल्या मुली आपसांत स्पॅनिश बोलत होत्या, कोरियन बोलत होत्या, दोघी-तिघी तर चक्क हिंदी. त्या शहरात राहणाऱ्या बायका मात्र ऑफिसची बॅग खांद्याला लावून अंगणाच्या कडेकडेने झपझप निघून जात होत्या. मला बघायच्या होत्या त्या या बायका.

र्यू क्रेम्यो नावाची रंगीत घरांची गल्लीही यादीत होती. तिथल्या रहिवाशांनी 2019 मध्ये पालिकेकडे मागणी केली होती, की संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी गल्लीला फाटक लावून ती बंद करा. लोकांच्या उंबऱ्यावर बसून, त्यांच्या खिडक्यांना टेकून फोटो काढणारी माणसं मी गल्लीच्या तोंडाशी पाहिली आणि तिथूनच परत फिरले. मी पूर्णपणे रहिवाशांच्या बाजूने आहे.

लूव्र, आयफेल टॉवर, सीन नदीतली बोट हेही झालं. त्यावर सगळ्यांनी लिहिलंय.

माझी मावसबहीण तिथे नोकरीला आहे. तिचं घर ओबरकाम्फ मेट्रो स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. नोव्हेंबरातल्या थंडीत सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी उभं राहायचं आणि रस्ता बघायचा, हा माझ्या सगळ्या प्रवासातला सर्वांत आनंदाचा वेळ. गडद निळा, राखाडी, काळा, उंटाच्या रंगाचा तपकिरी, बस, एवढेच रंग. केस विंचरलेले आहेत की नाहीत कळू नये असे. बूट मात्र पॉलिश केलेले. समोरच्या इमारतीतली एक बाई रोज त्याच कोटात बाहेर पडायची. बदलायचा तो फक्त गळ्यातला स्कार्फ, आणि त्या स्कार्फची गाठसुद्धा चालता चालता मारलेली. पण कोटाचा खांदा तिच्या खांद्यावर जिथे संपायला हवा तिथेच संपत होता, बाही मनगटाच्या हाडाशी थांबत होती. आपण रोज ज्याला सहज म्हणतो त्यामागे कुणीतरी टाचण्या लावून माप घेतलेलं असतं, हे मला त्या खिडकीत उभं राहून दिसायला लागलं.

सँ मार्तँ कालव्याच्या काठाने सायकलवरून जाणाऱ्या बायका तर मी तासन् तास बघू शकले असते. साठीच्या, सत्तरीच्या, रुंद पायांच्या पँटमध्ये. याच शहरात 1800 साली पोलीस प्रमुखांनी हुकूम काढला होता, की बाईला पुरुषांसारखा पोशाख करायचा असेल तर पोलिसांची परवानगी काढावी लागेल. पुढे 1892 आणि 1909 मध्ये सूट मिळाली ती एवढीच, की हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तर पँट चालेल. हा हुकूम आता निरर्थक झालाय असं सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते 2013 मध्ये! बहिणीने हे सांगितल्यावर मला त्या सायकलवाल्या आज्या आणखीच आवडल्या.

पट्ट्यांच्या टी-शर्टबद्दलही सांगायला हवं. मूळ तो नौदलाच्या खलाशांचा गणवेश. 1858 च्या हुकुमात पट्ट्यांची रुंदीसुद्धा ठरवून दिलेली आहे, पांढरे पट्टे 21, निळ्याच्या दुप्पट रुंद. आज भेटवस्तूंच्या दुकानांत त्याचे ढीग आहेत. रस्त्यावर तो दिसला तो बहुतेक वेळा कोटाच्या आतून डोकावणारा, धुऊन धुऊन निळा फिका पडलेला. तो फिका निळा मला नव्यापेक्षा कितीतरी सुंदर वाटला.

आता ज्या संध्याकाळसाठी हे सगळं लिहायला घेतलं, ती.

माझ्याकडे खणाचं एक जॅकेट आहे. गुळेदगुड्डचा जांभळा खण, लाल काठ, आणि तो काठ दोन्ही बाह्यांच्या टोकांना बरोबर मनगटावर येईल असा लावलेला. पुण्यात आमच्या घराजवळ एक शिंपीकाका होते, त्यांनी शिवलेलं. ते मेट्रोच्या दारात अडकलं आणि आतलं अस्तर काखेपासून कमरेपर्यंत टरकलं, थोडी शिवणही उसवली. मला रडायलाच आलं. बहीण म्हणाली, "ताई, खाली कोपऱ्यावर रेतूशरी आहे ना, चल." रेतूशरी म्हणजे कपडे दुरुस्त करून, मापात बसवून देणारं दुकान. नंतर लक्ष ठेवून पाहिलं तर त्या भागात दर दोन-तीन रस्त्यांआड एक होतं. एकाही फॅशनच्या व्हिडिओत त्यांचं नाव नव्हतं.

दुकान एवढंसं. दारात शिरताच बहिणीने बोंजूर म्हटलं, मीही म्हटलं, आणि आत उभ्या असलेल्या सगळ्यांनी मान वर करून उत्तर दिलं. फ्रेंच माणसं तुसडी असतात असं सगळेच सांगतात. मला तरी तसा अनुभव आला नाही. फक्त कामाचं बोलण्याआधी हा नमस्कार व्हायलाच हवा, तो झाला की माणसं मनापासून मदत करतात.

शिंपी साठीच्या पुढचे, मूळचे तुर्कस्तानातले. तरुणपणी सांतिए भागातल्या कारखान्यांत शिवायचे. त्या भागात कितीतरी वर्षं पॅरिसचे तयार कपडे शिवले जात आणि मशीनवर बसलेली माणसं बरीचशी बाहेरून आलेली असत. आता त्यांचं स्वतःचं दुकान होतं, बायको मागच्या मशीनवर.

आमच्या आधी दोघं होते. एक विशीतला मुलगा, हातात जुनी निळी कामगार जॅकेट. जाड सुती कापड, बाहेरून लावलेले तीन खिसे. कारखान्यांतले, शेतांतले लोक ही पिढ्यान् पिढ्या घालत आले. न्यूयॉर्कचे रस्त्यावरच्या फॅशनचे छायाचित्रकार बिल कनिंगहॅम कितीतरी वर्षं हीच जॅकेट घालून सायकलवर फिरले. मुलाने ती व्हान्वच्या जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतली होती आणि त्याला ती खांद्यात लहान करून हवी होती. शिंप्यांनी ती त्याच्या अंगावर चढवली, मागे जाऊन बघितलं आणि नाही म्हणाले. कामाचा कपडा आहे, हात वर करता आला पाहिजे, ढिली आहे तीच बरोबर आहे. फक्त बाही एक दुमड आत घेऊ. मुलाने मान हलवली.

दुसरी एक सत्तरीची बाई. तिच्याकडे गडद निळा लोकरीचा कोट, 1980 च्या दशकातला, खांद्यांत मोठाले पॅड असलेला. पॅड काढून टाकायचे होते. शिंप्यांनी सांगितलं, नुसते पॅड काढले तर खांदा लोंबेल, बाही सोडवून पुन्हा बसवावी लागेल. पैसे बरेच सांगितले. ती जरासुद्धा कचरली नाही. म्हणाली, अजून वीस वर्षं घालायचाय. मी बहिणीकडून तिचं वाक्य पुन्हा एकदा विचारून घेतलं, इतकं ते मला आवडलं.

मग माझी पाळी. शिंप्यांनी जॅकेट हातात घेतलं आणि पहिलं काय केलं तर ते उलटं केलं. बाहेरची नक्षी त्यांनी पाहिलीच नाही. आतली तुरपाई पाहिली, काजं पाहिली, बोटाने शिवण चाचपली. मग बायकोला हाक मारली. तीही चष्मा सावरत आली, दोघं दिव्याखाली धरून ते बघत राहिले, आपसांत तुर्कीत बोलत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, हे हाताने कोणी केलंय? मी म्हटलं, पुण्यात आमच्या गल्लीतले शिंपी. ते म्हणाले, त्यांना सांगा, काम चांगलं आहे.

काकांनी दुकान बंद केलंय हे मला त्यांना सांगता आलं नाही. माझा गळाच दाटून आला होता.

मला आरशासमोर उभं केलं, खडू काढला. खांदा अर्ध्या इंचाने खाली उतरतोय, बाही लांब पडतेय, हे एका नजरेत पकडलं. काका शिवायचे तेव्हा मी जाड होते. मी म्हटलं, बाही खालून कापा. त्यांनी काठावर बोट ठेवून जोरात मान हलवली. खालून कापली तर हा काठ जाईल. बाही वर, खांद्यापाशी सोडवायची, तिथून कमी करायची आणि परत बसवायची, म्हणजे काठ मनगटावरच राहील. काम दुप्पट, पण कापडाचा मान राहतो. गुळेदगुड्ड हे नाव त्या माणसाने कधी ऐकलेलं नव्हतं, खण म्हणजे काय हे माहीत नव्हतं, तरी काठ कापायचा नसतो हे त्याच्या हातांना माहीत होतं.

तेवढ्यात कोटवाल्या बाईंनी माझ्याकडे वळून एक सल्ला दिला. इतकं सुरेख जॅकेट तुम्ही त्या फुगीर काळ्या जॅकेटच्या आत का लपवता? वरून साधा मोठा कोट घ्या, बटणं लावू नका, काठ दिसू द्या. अनोळखी बाईने कपड्यांवरून बोललेलं मला एरवी खपत नाही. पण तिच्या बोलण्यात माझं जॅकेट सुंदर आहे हे गृहीतच होतं, आणि राग यायच्या जागी मी खांदे मागे घेऊन सरळ उभी राहिले.

बिलाचं मुद्दाम सांगते. फ्रान्समध्ये नोव्हेंबर 2023 पासून कपडे आणि बूट दुरुस्त करून घेतले तर योजनेत सामील असलेल्या दुकानांत बिलातून थेट सवलत मिळते, कामानुसार 6 ते 25 युरो. पैसा कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांकडून गोळा केलेल्या निधीतून येतो. अस्तराच्या कामाला मला ती मिळाली, बाहीला नाही, कारण माप बदलणं दुरुस्तीत धरत नाहीत. तरीही पुण्यात नवा कुर्ता आला असता एवढे पैसे गेले. एका पैशाचंही वाईट वाटलं नाही.

जॅकेट परत मिळालं तेव्हा मी ते तिथेच घातलं, वर बहिणीचा जुना राखाडी कोट उघडाच ठेवला आणि आम्ही मारे भागात चालत गेलो. दुकानांच्या काचांवर कुठेही सेलची पाटी नव्हती. तिथे मोठे सेल वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जूनच्या अखेरीस, कायद्याने ठरवलेल्या चार आठवड्यांतच लावता येतात. मला सतत खुणावणारं काही नसल्यामुळे चालायला किती मोकळं वाटलं! खरेदी काहीच केली नाही.

परतीच्या आदल्या दिवशी व्हर्सायला गाडी बदलून झुई-आँ-झोझासला गेलो, छापील सुती कापडाच्या संग्रहालयात. हिंदुस्थानातून येणाऱ्या छापील सुती कापडाने फ्रेंच बायकांना इतकं वेड लावलं होतं, की आपल्या रेशीम-लोकरवाल्यांना वाचवायला सरकारने 1686 मध्ये त्यावर बंदी घातली. वापरणाऱ्यांना दंड होई, तरी बायका घालतच राहिल्या. 1759 मध्ये बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी जर्मनीतून आलेल्या क्रिस्तोफ-फिलिप ओबरकाम्फने या गावात छपाईचा कारखाना काढला. बहिणीच्या मेट्रो स्टेशनचं नाव त्याचंच. खणाचं जॅकेट घालून मी त्या कापडांसमोर उभी होते आणि मला फार अभिमान वाटत होता, आपल्याकडच्या छापणाऱ्या हातांचा, आणि त्या बंदीला न जुमानणाऱ्या बायकांचाही.

पुण्यात आल्यापासून मी शिंपी शोधतेय. शिवून देणारी बुटिक हवी तेवढी आहेत, पण जुना कपडा घेऊन गेलं की नवीनच शिवा म्हणतात. आल्टर करणारे जिन्याखाली, फुटपाथवर एक मशीन टाकून बसलेले असतात, त्यांना दिवसाला इतक्या पँटी आखूड करायच्या असतात की खांदा सोडवायला सांगितलं तर ते हात जोडतात. त्यांचाही दोष नाही. त्या कामाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो, घासाघीस करतो, आणि तेवढ्यातच ऑनलाइन कुर्ता मागवतो. काकांचं दुकान गेलं त्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

माझ्या कपाटात आईचा एक हिरवा खण अजून न कापलेला आहे, आणि तिच्या दोन ब्लाउजांच्या बाह्या मला बसवून घ्यायच्या आहेत, काठ न कापता, वरून खांद्यापाशी सोडवून. कोथरूड, पेठा, सिंहगड रोड, कुठेही चालेल. असं काम करणारं कोणी तुमच्या माहितीत असेल तर मला नक्की कळवा. ते मागतील ते पैसे मी देईन आणि घाईही करणार नाही.